चिकटल्याशिवाय बस्तान बसत नाही

मागच्या अंकातल्या एका उत्तरात ओघात लिहून गेले होते की जंतू पोटात गेला एवढ्याने आजार होत नाही, आधी त्याला आतड्याच्या अस्तराला चिकटावं लागतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सदर त्यालाच द्यायला सांगितलं. पत्रं लांब होती, इथे गरजेपुरती घेतली आहेत. नावं कुणाचीच छापत नाही. पोटाच्या तक्रारी नावानिशी छापून आलेल्या कुणाला आवडतात?

प्रश्न : मी आणि मिस्टरांनी एकाच गाडीवर, एकाच भांड्यातल्या पाण्याची पाणीपुरी खाल्ली. ते दोन दिवस संडासात आणि मला काहीच नाही. उलट मी दोन पुऱ्या जास्तच खाल्ल्या होत्या. ते म्हणतात, तुझं पोट दगडाचं. खरं कारण काय? (त्यांना दुसरा काही आजार नाही, फक्त रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात.)
— एक शिक्षिका, मिरज

कंसात घातलंत तेच पत्राच्या पहिल्या ओळीत हवं होतं. जठरातलं आम्ल हा जंतूंच्या वाटेवरचा पहिला आणि सगळ्यात कडक अडसर. निरोगी जठरातून पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू पार व्हायचा तर तो कोट्यवधींच्या संख्येने गिळला जावा लागतो. आम्ल निष्प्रभ केलेलं असेल, तर त्याच्या हजारपट कमी जंतूही पुरतात. अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांचे जुलाब जास्त दिसतात ते म्हणूनच. गोळी परस्पर बंद करू नका, पण ती अजून हवी आहे का, हे डॉक्टरांना एकदा विचाराच. आपल्याकडे ही गोळी सुरू होते पटकन आणि थांबवायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. सगळेच जंतू आम्लाला भितात असंही नाही. रक्ती आव करणाऱ्या शिगेलाचे दहा ते शंभर जंतू गिळले तरी तो आपलं काम करतो.

जठर ओलांडलं की लहान आतडं. आतड्याचं आतलं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं, असं मीही वर्षानुवर्षं शिकवत आले. २०१४ साली स्वीडनमधल्या दोघांनी नीट हिशेब केला तेव्हा ते सुमारे ३२ चौरस मीटर भरलं. तेही कमी नाही, पण ते जंतूसाठी मोकळं पडलेलं नसतं. आतून प्रवाह सतत चालू असतो आणि ज्याला धरायला काही मिळालं नाही तो काही तासांत पुढे ढकलला जातो. अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो (आपण ‘आव पडते’ म्हणतो, ती आव म्हणजे हाच श्लेष्मा) आणि त्या थरात आयजीए नावाची प्रतिपिंडं (जंतूला धरून निकामी करणारी शरीराची प्रथिनं) असतात. शिवाय अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडून तिथे नव्या येतात. जंतूने कशीबशी जागा पकडली तरी ती जागाच गळून पडते.

या सगळ्यातून जो अस्तरापर्यंत पोचतो, त्यालाही वाटेल तिथे धरता येत नाही. अनेक जंतूंच्या अंगावर बारीक तंतू असतात, मिलिमीटरच्या एक लाखाव्या हिश्श्यापेक्षाही कमी जाडीचे. त्या तंतूंवरचं प्रथिन आपल्या पेशीवरच्या ठरावीक साखरेच्या साखळीलाच पकडतं. श्रावणात पत्री गोळा करायला गेलं की आघाड्याचं बी साडीच्या काठाला बसतं आणि झटकून निघत नाही. पण आघाडा सुती-रेशमी काही बघत नाही. जंतू बघतो.

आणि ही साखर सगळ्यांच्या पोटात सारखी नसते. रक्तगट ज्या साखरांवरून ठरतात, त्या आतड्याच्या अस्तरावरही असतात. ओ रक्तगटाच्या माणसाला पटकी झाली तर ती जास्त जोराची होते, हे बंगाल-बांगलादेशाकडच्या रुग्णांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जठरात घर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी ज्या साखरांना पकडतो, त्यातली एक याच कुळातली आहे.

तेव्हा तुमचं पोट दगडाचं नाही. मिस्टरांची आम्लाची भिंत रोज सकाळी पाडली जाते, ही पहिली शक्यता. तुम्ही शाळेत इतक्या मुलांचे जंतू अंगावर घेता की तुमच्याकडे त्याच जातीच्या जंतूविरुद्धची आयजीए आधीपासून असेल, ही दुसरी. दोन पुऱ्या जास्त खाल्ल्याचा पुरावा मात्र टिकणार नाही. पाण्यात जंतू सगळीकडे सारखे पसरलेले नसतात.

प्रश्न : माझ्या संकरित गाईचं वासरू तिसऱ्या दिवशी पिवळं-पांढरं पातळ हगायला लागलं आणि दीड दिवसात गेलं. मागल्या वेतालाही असंच झालं होतं. गावातले डॉक्टर म्हणाले, पुढल्या खेपेला गाभण गाईलाच लस टोचू. हगवण वासराला आणि सुई गाईला, हे काही समजलं नाही.
— एक दूध उत्पादक, सांगोला तालुका

दादा, मी जनावरांची डॉक्टर नाही, पण तुमचा प्रश्न अगदी माझ्या विषयातला आहे. तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे.

वासराला पहिल्या तीन-चार दिवसांत होणाऱ्या अशा हगवणीचं एक मोठं कारण म्हणजे ई. कोलाय या जंतूची एक खास जात. ई. कोलाय तसा सगळ्यांच्याच पोटात असतो, तुमच्या, माझ्या आणि गाईच्याही. या जातीकडे मात्र दोन गोष्टी जास्तीच्या असतात. एक विष, जे पेशींना पाणी बाहेर सोडायला लावतं, आणि दुसरे ‘के-९९’ नावाचे तंतू, जे वासराच्या लहान आतड्याला पकडतात. हे तंतू ज्या साखरेला धरतात, ती नवजात वासराच्या आतड्यावर भरपूर असते आणि दिवस जातील तशी कमी होत जाते. म्हणून हा जंतू चार दिवसांच्या वासराला मारू शकतो आणि तीन आठवड्यांच्या वासराचं त्याच गोठ्यात, त्याच शेणात लोळूनही काही बिघडत नाही. वासरू ‘टणक झालं’ असं आपण म्हणतो. त्यातला एक भाग असा की जंतूला धरायला काही उरलेलं नसतं.

पकड आणि विष यांत महत्त्वाचं कोणतं, हा वाद डुकरांच्या पिलांवर सुटला. तिथे तंतूंचं नाव के-८८. इंग्लंडमध्ये विल्यम्स स्मिथ आणि लिंगूड या संशोधकांनी १९७१मध्ये या जंतूचे तंतू काढून घेतले आणि विष तसंच ठेवलं. असा जंतू पिलांना पाजला तर हगवण जवळजवळ लागेचना. विष बनवणारा जंतू, पण आतड्यात पाय रोवता येत नाही म्हणून बिनकामाचा. पुढे असंही दिसलं की काही पिलं जन्मतःच अशी असतात, ज्यांच्या आतड्याला के-८८ पकडूच शकत नाही, आणि हा गुण आईबापाकडून उतरतो. मला हा सगळा शोध फार आवडतो. माणसांच्या रोगांवरचं मोठं ज्ञान डुकरांच्या खुराड्यातून आलंय, हे आमच्या क्षेत्रातले लोक सांगायला जरा लाजतात.

आता सुईकडे येऊ. गाईच्या वारेतून प्रतिपिंडं वासराकडे जात नाहीत. वासरू त्या बाबतीत कोरंच जन्मतं. त्याला जे काही मिळतं ते चिकातून. गाभणपणाच्या शेवटच्या काळात गाईला के-९९ची लस टोचली की तिचं शरीर या तंतूंविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि ती चिकात उतरतात. वासराने चीक प्यायला की ती आतड्यात जंतूच्या तंतूंवर जाऊन बसतात आणि तंतू निकामी होतात. जंतू मरतोच असं नाही, त्याला पकड मिळत नाही आणि तो शेणातून निघून जातो.

म्हणजे लस टोचली आणि चीक पाजला नाही, तर पैसे पाण्यात. आणि इथे मला तुमच्या गोठ्यातलं नाही, घरातलं विचारायचंय. पहिल्या दिवसाचा चीक कुठे जातो? खरवस मलाही आवडतो, वेलची-जायफळ घातलेला. पण पहिला घट्ट चीक वासराचा. जन्मल्यापासून दोन तासांच्या आत पहिला आणि दिवसभरात मिळून वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. तीस किलोच्या वासराला तीन लिटर. चिकातली प्रतिपिंडं रक्तात घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या चोवीस तासांत संपते आणि पहिल्या सहा तासांत ती सगळ्यात चांगली असते. पण के-९९साठी त्यांनी आतड्यातच राहायला हवं, म्हणून पुढचे दोन-तीन दिवसही थोडा थोडा चीक चालू ठेवा. उरला तर शेजाऱ्यांना खरवस करून पाठवा.

आठवडा उलटून गेल्यावर हगवण लागली तर ती बहुधा वेगळी असते. रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम अशी मंडळी त्या वयात येतात. त्या वेळी ‘लस टोचली तरी झालंच’ म्हणून डॉक्टरांना बोल लावू नका. आणि कुठल्याही हगवणीत वासराचं दूध तोडू नका. क्षार-साखरेचं पाणी वेगळ्या वेळी पाजा, खालचं बसायचं कोरडं ठेवा, आणि वासरू उठेनासं झालं तर सकाळ व्हायची वाट बघू नका.

प्रश्न : पुस्तकात लिहिलंय की पटकीचा जंतू पेशीत शिरत नाही, रक्तातही जात नाही. मग बाहेर बसल्या बसल्या माणूस कसा मारतो? आणि मारायचं काम विषाचं असेल तर चिकटण्याला एवढं महत्त्व का?
— बी.एस्सी. दुसरं वर्ष, नांदेड

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर कोलकात्यात मिळालं. रॉबर्ट कॉख यांनी १८८४मध्ये तिथेच हा जंतू वेगळा केला आणि तो विष सोडत असावा असा अंदाजही केला. पण ते दाखवायला पंचाहत्तर वर्षं गेली. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतू वाढवलेलं द्रावण घातलं, जंतू गाळून काढून. एकही जंतू नाही, तरी तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. १९५९मध्ये हे ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आलं. साधनं म्हणाल तर ससे, दोरा आणि गाळणी. डे यांचं नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं, एवढंच म्हणते आणि पुढे जाते, नाहीतर हे सदर त्यातच संपेल.

हे विष पेशीवरच्या जीएम-१ या साखरयुक्त मेदाला धरून आत शिरतं आणि पेशी क्षार बाहेर टाकत राहते. क्षारांमागून पाणी. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे जुलाब, जोराची पटकी असेल तर तासाला एक लिटरपर्यंत. पेशी मात्र जिवंत असते आणि साखरेबरोबर मीठ आत ओढण्याची तिची वाट शाबूत असते. म्हणून तर मीठ-साखरेचं पाणी चालतं. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी बंगालमधल्या बनगावला शिरेतून द्यायची सलाइनं संपल्यावर ते ड्रममधून वाटलं आणि मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणलं.

आता दुसरा अर्धा. या जंतूला टीसीपी नावाचे तंतू असतात. १९८८मध्ये अमेरिकेत स्वयंसेवकांना हे तंतू नसलेला जंतू पाजून पाहिला. त्याने आतड्यात बस्तानच बसवलं नाही. विषाची जनुकं असली तरी उपयोग शून्य, कारण विष पेशीलगत आणि पुरेसं सोडायला जंतू तिथे टिकून वाढावा लागतो. टीसीपीची गंमत अशी की हे तंतू जंतूंना एकमेकांना धरून गठ्ठ्याने राहायला मदत करतात. आणि विषाचं जनुक मुळात या जंतूचं नाहीच. ते एका विषाणूने आणून दिलेलं आहे, आणि हा विषाणू जंतूत शिरतो तो याच तंतूंना धरून. हे १९९६मध्ये कळलं. परीक्षेत विचारणार नाहीत, तरी लक्षात ठेव.

प्रयोगशाळेत संधी मिळाली तर पटकीच्या जुलाबाचा थेंब ‘हँगिंग ड्रॉप’ करून, म्हणजे काचेखाली लटकता ठेवून, सूक्ष्मदर्शकातून बघ. पावसाळ्यात आमच्या टेबलावर असे नमुने यायचे. जंतू इकडून तिकडे सुसाट धावत असतात. प्रतिपिंडांचा थेंब टाकला की जागच्या जागी थांबतात. पुस्तकाची चार पानं त्या अर्ध्या मिनिटात कळतात.

प्रश्न : आमच्या लहानपणी आषाढीच्या वारीला निघायचं तर कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावीच लागे. दंड दोन दिवस सुजायचा. आता कुणी विचारत नाही. कॉलरा संपला की सुई खोटी होती?
— एक निवृत्त वाचक, सातारा

दोन्ही नाही. सुई खोटी नव्हती, अपुरी होती. हाफकिन यांनी १८९०च्या दशकात भारतात पटकीची लस टोचायला सुरुवात केली. परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे, तेच हे. टोचलेल्या लशीने प्रतिपिंडं तयार होतात ती मुख्यतः रक्तात, आणि पटकीचा जंतू, वरच्या विद्यार्थ्याने लिहिलंय तसा, रक्तात येतच नाही. तो अस्तराच्या बाहेरच्या अंगाला असतो. तिथे हवी आयजीए. त्यामुळे सुईचा थोडाफार उपयोग व्हायचा, पण काही महिनेच, आणि लस घेतलेला माणूसही जंतू पसरवू शकायचा. १९७३मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीची सक्तीही उठवली गेली.

आता पटकीची लस तोंडाने देतात, म्हणजे शिकवणी थेट आतड्यालाच. कोलकात्याच्या वस्त्यांमधल्या मोठ्या चाचणीत अशा लशीने पाच वर्षांत सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं. पटकी संपलेली नाही. वारीत ती आटोक्यात राहते ती स्वच्छ पाण्याच्या टँकरमुळे आणि क्लोरिनमुळे.

प्रश्न : नात तीन महिन्यांची आहे. सून म्हणते सहा महिने अंगावरचं दूध सोडून काही नाही, पाणीसुद्धा नाही. आम्ही तर गुटी, मध सगळं दिलं आणि मुलं वाढवली. ती पुस्तकी बोलते का?
— एक आजी, डोंबिवली

आजी, सून बरोबर आहे, रागावू नका. आईच्या दुधात लिटरला ५ ते १५ ग्रॅम अशा साखरा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. मग आई त्या बनवते कशाला? काही साखरा बाळाच्या पोटातल्या चांगल्या जंतूंचं खाणं आहेत. आणि काही हुबेहूब त्याच, ज्यांना पकडून रोगजंतू आतड्याला चिकटतात. जंतू दुधातल्या साखरेला धरून बसतो आणि शीतून बाहेर जातो. मेक्सिकोत स्तनपान करणाऱ्या बाळांचा अभ्यास झाला, तेव्हा ज्यांच्या आईच्या दुधात यातली एक साखर जास्त होती त्या बाळांना कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब कमी झाले होते. वरून पाणी दिलं तर त्याबरोबर जंतू जातात आणि तेवढं दूध कमी प्यायलं जातं. मध तर वर्षभर नकोच, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. तुमची मुलं वाढली हे खरं, पण त्या पिढीत किती पाळणे रिकामे झाले तेही तुम्हाला आठवत असेल.

प्रश्न : जंतू एका विशिष्ट रेणूला धरतो हे माहीत असेल, तर तो रेणू झाकणारं औषध का नाही? इंजिनियरला हे सोपं वाटतं.
— एक अभियंता, पुणे

आईचं दूध तेच करतं, वर वाचा. औषध म्हणून अडचण अशी की जंतूकडे पकडायची एकच सोय नसते. एक बंद केली की दुसरी. आणि काही महाभाग तर धरायचा रेणू स्वतःच घेऊन येतात. तान्ह्या मुलांना जुलाब करणारी ई. कोलायची एक जात आहे, ईपेक. ती आपल्या पेशीत सुईसारख्या नळीतून ‘टीर’ नावाचं प्रथिन टोचते. ते पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसतं आणि जंतू आपल्या अंगावरच्या दुसऱ्या प्रथिनाने त्यालाच घट्ट धरतो. म्हणजे खुंटीही त्याचीच आणि दोरीही त्याचीच. १९९७मध्ये कॅनडात हे सापडलं तोवर टीर हा आपल्याच पेशीचा रेणू आहे, असं सगळे धरून चालले होते. त्या जागी पेशीवरची बारीक लव नाहीशी होते आणि पेशी जंतूखाली ओटा उचलून देते. आता झाका कुठला रेणू झाकता ते.

प्रश्न : जुलाब लागले की एरंडेल घेऊन पोट साफ करावं, म्हणजे जंतू धुऊन निघतात, असं आमच्याकडे मानतात. करावं का?
— एक वाचक, चिपळूण

नाही. सुटे जंतू जुलाबानेच निघून जातात, त्याला एरंडेल लागत नाही. चिकटलेल्यांचं तर उलटंच आहे. ई. कोलायच्या एका प्रकारच्या तंतूंवर फिम-एच नावाचं प्रथिन असतं. त्याच्यावर प्रवाहाचा ताण आला की त्याची पकड सैल न होता आणखी घट्ट होते, हे २००२मध्ये दाखवलं गेलं. तंतूही ताणाखाली उलगडून लांब होतात, तुटत नाहीत. एरंडेलाने जाईल ते तुमच्या अंगातलं पाणी. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा, अर्धं अर्धं नाही, आणि घोट घोट घेत राहा. शौचातून रक्त पडत असेल, ताप चढत असेल किंवा लघवी होईनाशी झाली असेल, तर पत्र लिहीत बसू नका, डॉक्टरांकडे जा.